सांभाळलेल्या जुन्या गाडीसाठी पासष्ट हजार जास्त मोजावेत का?

अमळनेरच्या एका शिक्षकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावात एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांची, मार्च २०१३ मध्ये नोंदलेली पेट्रोल स्विफ्ट डिझायर विकायची आहे. मालक पहिलाच, मीटरवर ६८ हजार किलोमीटर, सगळी बिले एका फाइलमध्ये लावलेली आणि मागणी ३ लाख ७५ हजारांची. त्याच वर्षाची, त्याच मॉडेलची दुसरी गाडी धुळ्यात दलालाकडे ३ लाख १० हजारांना मिळते आहे. तिचे आजवर तीन मालक झाले, मीटर ५४ हजार दाखवते आणि सर्व्हिसचा एकही कागद नाही. गाडी मुख्यतः आईला महिन्यातून दोनदा जळगावला दवाखान्यात नेण्यासाठी आणि वर्षातून तीन-चार वेळा पुण्याला मुलीकडे जाण्यासाठी हवी आहे. तेव्हा नुसत्या चांगल्या निगेसाठी ६५ हजार जास्त द्यावेत का, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की जळगावची गाडी घ्यावी आणि तिला जास्त पैसेही द्यावेत. मात्र ते ६५ हजार नव्हे, तर फार तर ५५ हजार, आणि तेसुद्धा पुढे सांगितलेल्या गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून झाल्यावरच.

गेली अठ्ठावीस वर्षे मी जळगाव-भुसावळ पट्ट्यात गाड्या दुरुस्त करतो आहे आणि जुनी गाडी घेण्यापूर्वी ती दाखवायला येणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढते आहे. आमच्याकडचा प्रत्येक दलाल “गाडी सांभायेल शे, भाऊ” एवढे एकच वाक्य म्हणतो आणि त्या वाक्यावर वीस-तीस हजार चढवतो. म्हणून निगेची किंमत करताना मी आधी तिचे दोन भाग पाडतो. गाडीतल्या काही गोष्टी नंतर पैसे टाकून आणता येतात: टायर, बॅटरी, क्लच प्लेट, शॉकअप, एसीचा कंडेन्सर. काही गोष्टी मात्र कितीही पैसे टाकले तरी आणता येत नाहीत. अपघात न झालेला सांगाडा, वेळेवर ऑइल मिळालेले इंजिन, पाणी न शिरलेले वायरिंग आणि गाडीचा खरा इतिहास या त्या गोष्टी होत. पहिल्या प्रकारातल्या वस्तूंना त्यांच्या उरलेल्या आयुष्याइतकेच पैसे द्यायचे असतात. दुसऱ्या प्रकारासाठी हात थोडा सैल सोडावा, कारण पुढच्या पाच वर्षांची मनःशांती तिथे असते.

फाइलपासून सुरुवात करू, कारण विक्रेत्याचा सगळा भर फाइलवरच असतो. फाइल जाड आहे म्हणून समाधान मानू नये. तिच्यातल्या तारखा आणि किलोमीटर एका कागदावर ओळीने उतरवून काढावेत. तेरा वर्षांत ६८ हजार म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वापाच हजार किलोमीटर. इतक्या कमी चालणाऱ्या गाडीच्या मालकाने दर दहा हजारांनी सर्व्हिस हा नियम अक्षरशः पाळला असेल, तर त्या गाडीचे ऑइल दोन-दोन वर्षे बदललेले नसेल. इंजिन ऑइल नुसत्या चालण्याने खराब होत नाही, उभ्या गाडीतही ते जुने होते. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, आतला ओलावा उडून जात नाही आणि तो ऑइलमध्येच राहतो. म्हणून या फाइलमध्ये मला वर्षाला एक, म्हणजे निदान बारा ऑइल बदल दिसले पाहिजेत, मग दोन बदलांमधले अंतर चार हजार किलोमीटरच का असेना. या गाडीच्या के-सिरीज इंजिनाला टायमिंग बेल्ट नसून चेन आहे, त्यामुळे ठरावीक किलोमीटरला बेल्ट बदलण्याचा खर्च नाही. पण चेन आणि ती ताणून धरणारा टेन्शनर हे दोन्ही ऑइलवर जगतात, आणि ऑइलची हेळसांड झाली की सकाळी गाडी सुरू करताच पहिले दोन-तीन सेकंद साखळी खुळखुळल्यासारखा आवाज येतो.

ऑइलनंतर फाइलमध्ये दोन छोट्या नोंदी शोधाव्यात: ब्रेक फ्लुइड बदलल्याची आणि कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, बदलल्याची. ही कामे न केल्याने गाडी बंद पडत नाही, म्हणून बहुतेक मालक ती करत नाहीत. ज्याने ती वेळेवर केली आहेत त्याने बाकीचीही केली असणार, असा माझा अनुभव आहे. बिले अधिकृत सर्व्हिस सेंटरची असतील तर तिथल्या संगणकात गाडीच्या नंबरावर पूर्ण इतिहास असतो. मालकाला सोबत घेऊन जाऊन तो छापून मागावा आणि फाइलशी ताडून पाहावा. बिले गावातल्या साध्या गॅरेजची असली तरी मला त्यांचे वावडे नाही. रावेरकडच्या एका केळी उत्पादकाची २००९ ची गाडी माझ्याकडे आली होती. सर्व्हिस सेंटरचा एकही शिक्का नव्हता, पण डॅशबोर्डच्या कप्प्यात एक शाळकरी वही होती. तिच्यात प्रत्येक वेळी टाकीत भरलेले लिटर, त्या दिवशीचे मीटर आणि प्रत्येक पंक्चरसुद्धा लिहिलेले होते. ती गाडी १ लाख ६० हजार चालली होती आणि मी घेणाऱ्याला बाजारभावापेक्षा ४० हजार जास्त द्यायला लावले. आजही ती त्याच घरात आहे.

याउलट एक प्रसंग सांगणे मला आवश्यक वाटते. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या पुरात सुरत बुडाले, त्याच्या पुढच्या वर्षी सुरत पासिंगची एक गाडी एका ग्राहकाने माझ्याकडे तपासायला आणली. सर्व्हिस पुस्तकात सगळे शिक्के होते, इंजिनाचा आवाज स्वच्छ होता आणि मी होकार दिला. चार महिन्यांत तिचे वायरिंग जागोजागी निकामी होऊ लागले. सीट काढून गालिचा उचलला तेव्हा खाली वाळलेल्या गाळाचा पातळ थर होता, आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तेव्हा पट्ट्यावर एका ठरावीक उंचीपर्यंत मातकट रेघ दिसली. त्या ग्राहकाचे नुकसान माझ्या तपासणीमुळे झाले ही गोष्ट मी विसरलेलो नाही. तेव्हापासून चारही बेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहिल्याशिवाय आणि स्टेपनीच्या खड्ड्यातला कोपरा बोटाने चाचपल्याशिवाय मी कोणत्याही गाडीला हो म्हणत नाही. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेले, आणि अशा पुरानंतर तिकडच्या गाड्या स्वस्तात खरेदी करून लांबच्या जिल्ह्यांत विकल्या जातात. धुळ्याची गाडी आधी कुठे होती हे दलाल सांगत नसेल, तर परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाकून नोंदणी कुठली, कर्जाचा बोजा आहे का आणि विमा कधीपर्यंतचा हे पाहून घ्यावे.

आता धुळ्याच्या गाडीच्या ५४ हजारांविषयी. आपण पाठवलेल्या फोटोत तिच्या क्लच पेडलचे रबर डाव्या कडेला गुळगुळीत झालेले आहे, चालकाच्या सीटची दाराकडची बाजू दबलेली आहे आणि स्टिअरिंगची वरची कड चकाकते आहे. पन्नास हजारांत असे होत नाही. तिच्यावरचे टायर २०१८ चे आहेत हेही आपण लिहिले आहे. टायरच्या बाजूवर छापलेल्या चार अंकांतले पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात, तेव्हा ‘२३२२’ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. २०१३ च्या गाडीवर २०१८ चे टायर आहेत याचा अर्थ मूळ टायर पाच वर्षांत संपले, म्हणजे गाडी सुरुवातीला भरपूर पळाली. पुढे ती एकाएकी थांबली असे समजण्याचे कारण मला दिसत नाही. मीटर मागे फिरवलेले आहे असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, परंतु त्या आकड्यावर एक रुपयाही लावू नये.

खान्देशातल्या गाडीची परीक्षा मुंबईच्या गाडीपेक्षा वेगळी करावी लागते. समुद्राची खारी हवा इथे नाही, त्यामुळे खालचा पत्रा सडलेली गाडी आमच्याकडे क्वचितच सापडते, आणि हा इथल्या गाड्यांचा मोठा गुण आहे. मात्र मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि ते ऊन रबर, प्लास्टिक आणि एसी यांना खाते. म्हणून बोनेट उघडल्यावर मी इंजिनाआधी रेडिएटरचे पाइप दाबून पाहतो. चांगला पाइप दाबला की मऊ लागतो आणि परत फुगतो; उन्हाने संपलेला पाइप कडक लागतो किंवा दाबताना आतून चुरचुरतो. इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडावे आणि आत बोट बुडवावे. बोटाला स्वच्छ रंगीत कुलंट लागले तर उत्तम. तांबूस गढूळ पाणी लागले तर मालकाने वर्षानुवर्षे नळाचे पाणी ओतले आहे असे समजावे, मग फाइल कितीही जाड असो. आमच्याकडचे बोअरचे पाणी क्षाराचे आहे आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत ते जसे बसते तसे घरातल्या गिझरमध्येही बसते, हे कोणत्याही गृहिणीला माहीत आहे.

एसी दुपारी दोन वाजता, गाडी उन्हात अर्धा तास उभी करून, जागच्या जागी तपासावा. चालत्या गाडीत वाऱ्यामुळे कमजोर एसीही बरा वाटतो. उभ्या गाडीत दहा मिनिटांनंतरही थंड हवा येत असेल आणि रेडिएटरचा पंखा ठरावीक अंतराने चालू-बंद होत असेल, तर कंडेन्सर आणि पंखा दोन्ही ठीक आहेत. आईला घेऊन भर उन्हात प्रवास करायचा असल्यामुळे ही तपासणी आपल्या दृष्टीने इंजिनाइतकीच महत्त्वाची आहे.

सांगाड्यासाठी घाई करू नये. बोनेट आणि पुढचे मडगार्ड धरून ठेवणाऱ्या बोल्टांच्या कडांवरचा रंग तुटलेला असेल तर तो भाग कधीतरी काढला गेला आहे. दाराचे रबर ओढून पिलरच्या, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या खांबाच्या, कडेवरचे वेल्डिंगचे गोल ठिपके पाहावेत. कारखान्यातले ठिपके समान अंतरावर आणि समान आकाराचे असतात, गॅरेजमधले तसे येत नाहीत. रंगाची जाडी मोजण्याचे छोटे यंत्र आता बऱ्याच गॅरेजमध्ये असते. कारखान्याचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनांत असतो आणि जिथे पुट्टी भरली आहे तिथे तो आकडा कित्येक पटींनी चढतो. बंपरला किंवा एखाद्या दाराला पुन्हा रंग दिलेला असणे हा दोष नव्हे, तेरा वर्षांत बाजारात गाडी घासतेच. छप्पर, पिलर आणि पुढच्या चेसिसच्या पट्ट्या एवढे मात्र मूळचेच हवेत. ते मूळचे नसतील तर त्या गाडीला जास्त देण्याचा प्रश्नच उरत नाही, उलट ती घेऊच नये.

मालकाला आधीच सांगून ठेवावे की आम्ही सकाळी येऊ, तोपर्यंत गाडी सुरू करू नका. आणि पोहोचताच बोनेटवर हात ठेवून ती खरोखर थंड आहे याची खात्री करावी. त्यानंतर गाडी निदान चाळीस-पन्नास किलोमीटर चालवावी आणि शक्य झाले तर एखाद्या घाटात न्यावी. चाळीसगावपलीकडचा कन्नड घाट या कामासाठी मला फार आवडतो. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट संपत आली आहे. उतरताना ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरले तर डिस्क वाकडी झाली आहे. घाटातून आल्यावर गाडी उभी करून खाली एक वर्तमानपत्र पसरावे आणि चहा घेऊन यावे. कागदावर काय पडले आहे ते पाहावे.

आता हिशेब. दोन्ही गाड्यांविषयी आपण जे लिहिले आहे ते खरे धरून, आमच्याकडच्या दराने मी हा अंदाज केला आहे. धुळ्याच्या गाडीला चार टायर लगेच लागतील, सुमारे १८ हजार. जळगावच्या गाडीचे टायर २०२२ चे असून त्यांचे अर्धे आयुष्य उरले आहे, म्हणून फरक ९ हजारांचा धरावा. क्लच जळगावच्या गाडीला बारा हजार किलोमीटरपूर्वी नवा बसला आहे आणि धुळ्याच्या गाडीचा आपल्याला जड लागला; फरक ७ हजार. जळगावच्या गाडीचे पुढचे शॉकअप आणि लोअर आर्मचे बुश गेल्या वर्षी बदलल्याचे बिल आहे. फरक १० हजार. एसीचा कंडेन्सर, ७ हजार. बॅटरी ३ हजार, पाइप आणि कुलंट ३ हजार. बेरीज ३९ हजार होते. सीट कव्हर, म्युझिक सिस्टिम आणि अलॉय चाके यांवर ४० हजार खर्च केल्याचे विक्रेते सांगतात, त्याचे शून्य धरावे. त्यांनी तो खर्च स्वतःच्या आवडीसाठी केला आणि त्याचा उपभोगही घेतला. मूळ सांगाडा, खरे मीटर आणि एकच मालक या न आणता येणाऱ्या गोष्टींसाठी मी १५ ते १६ हजार धरतो. अशा रीतीने ५५ हजार होतात आणि गाडीची किंमत ३ लाख ६५ हजारांवर येते.

हे आकडे मी इतके ताणून का धरतो, याचे कारण पुढे आहे. ही रक्कम पुन्हा विकताना परत मिळत नाही. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे मार्च २०२८ पर्यंत आहे. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि वर पर्यावरण कर लागतो. खर्च फार मोठा नाही, पण नूतनीकरण तोंडावर आले की घेणारे कमी होतात आणि भाव पडतो. आपण ही गाडी सात-आठ वर्षे वापरणार असाल तर ५५ हजार वसूल होतील. दोन वर्षांत बदलण्याचा विचार असेल तर २५ हजारांच्या वर जाऊ नये.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची आहे आणि ती मला पैशांपेक्षा मोठी वाटते. चालकासाठी एअरबॅग सर्व नव्या गाड्यांत सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. २०१३ ची गाडी कोणत्या श्रेणीची आहे यावर तिच्यात एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहेत की नाहीत हे अवलंबून आहे, आणि आपल्या पत्रात श्रेणीचा उल्लेख नाही. गाडी वरच्या श्रेणीची असून तिच्यात ही दोन्ही असतील, तर मी ३ लाख ७५ हजारांनाही हरकत घेणार नाही. नसतील, तर पुण्याच्या लांब प्रवासाचा विचार करून, तेवढ्याच पैशांत एखादी लहान पण नंतरच्या वर्षांतली, एअरबॅग असलेली गाडी मिळते का, हे एकदा पाहावे असे मी आग्रहाने सांगेन. निगा कितीही उत्तम असली तरी जे गाडीत मुळात बसवलेलेच नाही ते निगेने येत नाही.

वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलविषयीही आपण विचारले आहे. त्या पेट्रोलला अनुसरून गाड्यांचे भाग बनू लागले ते एप्रिल २०२३ च्या सुमारास. २०१३ च्या गाडीत इंधनाचे रबरी पाइप आणि सील जुन्या घडणीचे आहेत. गाडी बंद पडेल अशी भीती बाळगू नये, ॲव्हरेज थोडे कमी होईल. मात्र घेतल्याबरोबर इंधनाचे पाइप तपासून घ्यावेत आणि पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गॅरेज गाठावे.

किंमत ठरल्यावर इसार देण्यापूर्वी मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकांच्या सह्या, जुन्या कर्जाचा बोजा उतरल्याचा कागद आणि थकलेली चलने एवढे पाहून घ्यावे. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक आहे, ती बसवली नसेल तर तो खर्च विक्रेत्यांकडे ठेवावा. विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांच्या आत विमा कंपनीला कळवावे लागते, आणि विक्रेत्यांची नो क्लेम सवलत, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दलची सूट, त्यांच्याकडेच राहते, ती गाडीबरोबर येत नाही. तेव्हा विक्रेते “विम्यात पन्नास टक्के सूट आहे” असे म्हणत असतील तर तो आकडा किमतीत धरू नये.

आपण अमळनेरहून येताना फाइल आणि गाडी दोन्ही माझ्याकडे आणू शकलात तर रॅम्पवर चढवून खालची बाजू मी स्वतः पाहीन. ते जमले नाही तर जवळच्या कोणत्याही जाणत्या मिस्तरीला पाचशे-हजार रुपये देऊन एवढे एक काम करून घ्यावेच, आणि त्याने हात लावायच्या आधी, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचे झाकण आपणच उघडून बोट बुडवावे. बोटाला तांबूस पाणी लागले, तर ३ लाख ६५ हजारांचा माझा आकडा सोडून द्यावा आणि ३ लाख ३० हजारांपासून बोलणी सुरू करावीत.